तसबिरीमागची चप्पल

वाळवीकाका कुणाच्याही घरी गेले तरी आधी बसत नसत. चपला दाराशी काढायच्या, सरळ समोरच्या भिंतीकडे जायचं, तिथली तसबीर दोन बोटांनी खालून अलगद उचलायची आणि मान तिरकी करून मागे डोकावायचं. मग एक "हं" यायचा. त्या "हं"मध्ये घरमालकाच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार झालेला असे. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली बाई तशीच उभी राही, कारण पुढचं भाषण लगेच सुरू होई. "मागं रद्दी पेपर लावलाय. पेपर पिवळा पडला, आता चित्राला पिवळं करायलाय. कुणी केलं हे? दुकानदारानं? त्याच्याच घरी टांगा म्हणावं."

पाथरीत आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. सगळी नोकरी त्यांनी किडींची चित्रं काढण्यात घालवली. शेतकऱ्यांना दाखवायच्या तक्त्यांवरचे मावा, तुडतुडे, बोंडअळ्या त्यांच्या हातच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या चित्रांचा कैवार घेतला. जुनी फ्रेम उघडायची, चित्र साफ करायचं, नीट बसवून द्यायचं, हे सगळं स्वतःच्या ओसरीत. वाळवीकाका हे नाव गल्लीने कुचेष्टेने ठेवलेलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. "वाळवी बरी की," ते म्हणत, "ती मन लावून खाती तरी. तुमी टांगता अन् इसरून जाता."

टांगणं म्हंजे सांभाळणं न्हाई, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचा हा तिटकारा मला मनापासून पटायचा. आमच्या लोकांना घरात चित्र नको असतं, भिंत भरलेली हवी असते. छताला लाख रुपयांची नक्षी करतील, आणि सासूने डोळे फोडून केलेलं भरतकाम गॅसच्या डोक्यावर टांगतील. पोराला बक्षीस मिळालेलं चित्र लॅमिनेशन करून आणतील, म्हणजे ते जन्मभर गुदमरायला मोकळं. गल्लीत घरोघरी तेच ते धावणारे सात घोडे. "आख्ख्या गल्लीत खरं घोडं एक न्हाई," काका म्हणाले होते, "अन् भिंतीवर सात-सात. धावून धावून जायलेत कुठं, तर कपाटामागं." ज्यांच्या घरात हे बोलले, त्यांनी पुढे वर्षभर काकूंना हळदीकुंकवाचं तर सोडाच, काकांना सत्यनारायणाचंही बोलावणं धाडलं नाही.

आमच्या घरात एकच चित्र होतं. माझे वडील एसटीत कंडक्टर. त्यांनी जन्मात एकच चित्र पूर्ण केलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. उंबऱ्यात बसून सुपात गहू निवडणारी आई. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने रीळच खराब केलं होतं, त्यामुळे आईचं तरुणपणीचं रूप जगात फक्त या कागदावर होतं. वडील गेल्यावर त्यांच्या हातचंही हेच एक उरलं. आई त्याच्याकडे बघून म्हणायची, "माझं नाक एवढं मोठं न्हाई." पण सकाळी केर काढताना त्याच्यासमोर तिचा झाडू हमखास थांबायचा.

ते चित्र दुकानदाराने काचेला घट्ट चिकटवून दिलं होतं. काकांनी एका उन्हाळी दुपारी ते उघडलं. मी चहा घेऊन गेले तर ओरडले, "चहा तिकडं! चहा अन् चित्र एका खोलीत न्हाई, मास्तरीणबाई." मी परभणीला शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मास्तरीणबाई. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. काच उन्हात वाळवली. जाड पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट कापून चित्र आणि काच यांच्यामध्ये ठेवली, म्हणजे काच रंगाला शिवणार नाही. गव्हाच्या खळीने चित्र फक्त वरच्या बाजूला दोन ठिकाणी चिकटवलं. "कागद फुगतो, आकसतो. चारी बाजूंनी बांधलं तर फाटंल न्हाई तर काय व्हईल?" शेवटी वेखंडाची पुरचुंडी मागे ठेवून त्यांनी आईला दाखवलं. ती चित्राकडे न बघता त्यांच्याकडे बघत म्हणाली, "भाऊजी, लय चांगलं झालं."

पुढच्या दिवाळीत साफसफाई करताना मी फ्रेम खाली काढली. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना निळ्या रबराचे चौकोनी तुकडे चिकटवलेले. निरखून पाहिलं तर एकावर स्लीपरच्या तळाची झिजलेली नक्षी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बापाच्या हातचं चित्र, त्यात माझी आई, आणि त्याला या माणसाने पायातलं लावलं! आई म्हणाली, "राहू दे गं, भाऊजींनी काही इचार करून लावलं असंल." मी ऐकलं नाही. सुरीने तुकडे खरवडले, बाहेर फेकले, हात साबणाने धुतले आणि चित्र भिंतीला सपाट टेकवून टांगलं. काकांशी बोलणंही बंद केलं. कारण विचारायला ते आले नाहीत, आणि सांगायला मी गेले नाही.

उन्हाळ्यात आम्ही त्याच खोलीत कूलर लावला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्यावाचून इलाज नाही. दोन महिने खोलीत ओली हवा कोंडत होती, भिंत थंड पडत होती, आणि भिंतीला चिकटलेल्या फ्रेमच्या मागे काय चाललंय ते बघायला कुणी मान तिरकी करत नव्हतं. जूनमध्ये आईला काचेआड काळे ठिपके दिसले. चित्र बाहेर काढलं तर खालचा अर्धा कागद बुरशीने खाल्लेला. सूप गेलं होतं, गहू गेले होते, आईचे हात गेले होते.

मी ते चित्र छातीशी धरून काकांच्या ओसरीत गेले. त्यांनी ते उलटं केलं, रिकाम्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. "तुकडे कुठंयत?"

"फेकले. चप्पल होती ती, काका."

"मग? तसबीर भिंतीपासून बोटभर सुटी राहावी, मागून वारं खेळावं, म्हणून लावली होती. त्याला रबरासारखं दुसरं काही न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चप्पल बाटवती, अन् ओल सोवळी काय?"

"सांगायचं तरी होतं."

"सांगितलं असतं तर ठिवू दिलं असतं का?"

दिलं नसतं. सातवीच्या पोरांना बाष्प आणि सांद्रीभवन शिकवणारी मी, आणि माझ्या घरातली ओल मला कळली नाही. मी गावाला हसत होते, आणि गावाहून माझी अक्कल एका दिडकीनेही जास्त नव्हती. मी तिथेच रडले. काकांनी मला गप्प केलं नाही. त्यांनी चित्र टिपकागदात वाळवायला ठेवलं, आणि दोन दिवसांनी अंगणात बसून मऊ ब्रशने त्याची बुरशी झाडली. जे गेलं होतं ते पुठ्ठ्याच्या नव्या चौकटीआड झाकलं. उरला आईचा चेहरा, खांदे, आणि ते मोठं नाक. मागच्या कोपऱ्यांना त्यांनी माझ्यासमोर चपलेचे दोन तुकडे लावले आणि विचारलं, "चालंल?" मी मान हलवली. आईने काचेवरून पदर फिरवला. मग म्हणाली, "बरं झालं. एवढ्या वर्षांनी सूप सुटलं हातातून."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. तेरवीला मी त्यांच्या घरी गेले तर समोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो. मुलगा पुण्याहून करून घेऊन आला होता. मागे निळं आभाळ आणि पांढरे ढग, चेहरा गोरापान, आणि अंगात कोट. ज्या माणसाने जन्मभर अर्ध्या बाह्यांचा सदरा सोडून काही घातलं नाही त्याला मेल्यावर कोट. शिवाय टांगला कुठे, तर न्हाणीला लागून असलेल्या भिंतीवर, जिला बारा महिने ओल. लोक नमस्कार करून बसत होते. मला बसवेना. मी गेले, हाराला धक्का न लावता दोन बोटांनी फ्रेम खालून उचलली आणि मान तिरकी केली. मागे रद्दी पेपर. माझ्या तोंडून "हं" निघून गेला.

मुलगा म्हणाला, "ताई, काही पडलं का मागे?"

काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या, दाराबाहेर गेल्या आणि काकांची एक स्लीपर घेऊन आल्या. "हीच घे," म्हणाल्या. "पेपर उद्या काढू."

काकांची पेटी ओसरीतच होती. ब्लेड तिच्यात, गोंदही तिच्यात. मी सगळ्यांसमोर खाली बसून दोन तुकडे कापले, फ्रेमच्या मागे लावले आणि काकांना परत भिंतीवर टांगलं. फोटो बोटभर पुढे आला.

एक म्हातारे पाहुणे कुजबुजले, "अहो, चप्पल? गेलेल्या माणसाच्या फोटोला?"

काकूंनी पदर नीट केला. "असू द्या," त्या म्हणाल्या. "त्यांला ओल सोसत न्हाई."