नांदेडच्या बाजारची भज्जी

मी माहेरी होते, हिमायतनगरला, बाळंतपणाला. लेकरू सव्वा महिन्याचं. दुपारच्याला दारात धाकटे दीर येऊन हुबे राहिले, पाय धुळीनं भरलेले, पाणी दिलं तर तांब्या हातात धरून तसेच हुबे, पिले न्हाईत. तवाच मला कळलं. मी म्हणलं, "आत्या का?" तर ते म्हणले, "वहिनी, चला." एवढंच...

आत्या म्हणजे माझी सासू, गयाबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणत्यात. लेकराला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं, नांदेड गाठलं, नांदेडहून लातूरची एस्टी, लातूरहून पुन्हा गावाची, सगळी वाट लेकरू रडून राहिलं आन मी बी. पोचले तवा सगळं उरकलं होतं. दारात माणसं बसलेली आन मधी आण्णा. आण्णा म्हणजे भाऊकीतले, आत्याचे चुलत दीर. या दुष्काळात गावात एकट्या त्यांच्याच हिरीला पाणी हाय आन अख्खं गाव तिथंच घागरी भरतं. त्यांचं नाव मी लिहीत न्हाई, माझं लेकरू लहान हाय. तर ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवून सगळ्यांना सांगत होते, "काय हात होता वहिनीचा! तिच्या भज्जीची साहेब लोक अजून आठवण काढत्यात." मी उंबऱ्यातच थांबले. माझं रडणं तिथंच आटलं. त्या दिसापासून मला आत्यासाठी रडूच येत न्हाई, निसता राग येतो, दूध पाजतानी बी येतो, भाकर थापतानी बी येतो.

ज्यांना ठाव न्हाई त्यांच्यासाठी सांगते. लातूरकडं येळवस असती, थंडीतली आवस. त्या दिशी सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, आन ज्याला शेत हाय त्यानं शेत नसलेल्याला बोलवायचं. जेवायला आंबील, बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, आन भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी न्हवं. तुरीचे ओले दाणे, सोललेला हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, वांगी, मेथी, चुका, कांद्याची पात, हाताला येईल ते सगळं एका हंड्यात, वरून चिंच, लसूण-मिरचीचा ठेचा, आन आंबट ताकात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ. रटरट शिजून घट्ट झाली की उंडा मोडून खायचा. माझ्या माहेरी असलं काही न्हाई. लग्नानंतरच्या पहिल्या येळवसला मी तो हंडा बघून बोलून गेले, "अवं आत्या, आमच्याकडं म्हशीला आंबोण असंच कालवत्यात." मला वाटलं आता काय खरं न्हाई आपलं. आत्यानं पळी हंड्यावर आपटली आन म्हणली, "मंग खा म्हशीवानी, दूध तरी वाढंल." मी तीन पत्रावळी खाल्ल्या. दुसऱ्या साली तिनं मलाच करायला बसवलं, तर माझी पातळ झाली. तिनं वाकून हंड्यात बघितलं आन म्हणली, "माय, ही भज्जी हाय का तळं? उतरू का पोहायला?" अशी होती. बोलायची टोचून, पण पहिला घास माझ्याच पत्रावळीवर टाकायची.

तिचा हात सगळ्या गावाला मालूम होता. आमाला शेत न्हाई, हे आण्णाच्या ट्रॅक्टरवर असत्यात, हे म्हणजे माझे मालक. म्हणून आण्णाच्या शेतातली भज्जी दरसाल आत्याच करायची. हंडा बी तिचाच न्यायची, तिच्या आईनं दिलेला, दोन माणसांनी उचलायचा. तिला त्यात कमीपणा वाटत न्हवता. मला वाटायचा, पण मी कधी बोलले न्हाई.

आता मागल्या येळवसचं सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. जिल्हा नवा झालेला, लातूरला कचेऱ्या बसल्या, साहेब लोक नवे, दूरदूरचे. पाऊस झालाच न्हवता. जवारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, कोपीला कडबा मिळंना म्हणून लोकांनी जुनी लुगडी टांगली. आन त्या साली आण्णानं चार साहेबांना जेवायला बोलावलं. त्यांना पुढारी व्हायचं होतं ना नव्या जिल्ह्यात. माझ्या देखत म्हणले, "रडकं गाव दाखवलं तर कोण विचारंल आपल्याला?" त्यांच्या हिरीखालचा तेवढा तुकडा हिरवा होता, तिथंच कोप घातली, तिथंच सतरंज्या. आन भाजी? लातूरला घेतली तर साहेबांच्या कानावर जाईल म्हणून भाजी दोन दिस आधी ह्यांना पाठवून नांदेडच्या बाजारातून आणली, ट्रॅक्टर भरून. मी अन आत्यानं ती निवडली. वाटाणा सोलता सोलता आत्या म्हणली, "कमल, आपल्या गावात यंदा असा एक दाणा झाला असता तर म्या नवस फेडला असता."

साहेब लोक जेवले. लई जेवले. एक साहेब गुजरातेकडचे, ते म्हणले आमच्याकडं मडकं उलटं पुरून वर जाळ घालून अशीच भाजी करत्यात. एक दक्षिणेकडचे, म्हणले आमची आई यात नारळ वाटून घालायची. तिसरे परदेशात शिकून आलेले, ते सांगू लागले की तिकडं थंडीच्या दिसांत घरोघरी बाया एका भांड्यात मटण, बटाटे, गाजर टाकून दिवसभर मंद जाळावर ठेवत्यात, बर्फ पडत असतं आन घरात तोच वास. आत्या पदर सावरून ऐकत होती, एकदम म्हणली, "म्हणजे तिकडल्या बाया बी आमच्यावानीच कामाच्या. एकच भांडं घासावं लागतं." सगळे हसले. चौथे होते ते आणेवारीचे साहेब. आणेवारी म्हणजे गावात पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, तो कमी लागला तरच गावात दुष्काळी काम निघतं, न्हाईतर न्हाई. त्यांनी बोटं चाटत आत्याला विचारलं, "आई, एवढी ताजी भाजी, सगळी इथलीच का?"

आत्यानं आण्णाकडं बघितलं. आण्णा तिच्याकडं बघत न्हवते, हिरीकडं बघत होते. मी आत्याच्या मागं पळी धरून हुबी होते. येळवसला पाहुण्यापुढं यजमानाची इज्जत घालवायची न्हाई, ही एक गोष्ट. आन दुसरी, उद्या घागर कुठं बुडवायची?

आत्या म्हणली, "हाव साहेब. इथलीच."

साहेबांनी हात धुतला, तिथंच सतरंजीवर कागद घेतला आन लिहिलं. पुढं पंधरा दिसांनी कळलं, आमच्या गावाचं पीक बरं हाय असं लागलं. शेजारच्या तिन्ही गावांत काम निघालं, आमच्या गावात न्हाई. मंग आमच्या बाया तीन कोसांवर तलावाच्या कामाला जाऊ लागल्या, जायाला तीन अन यायाला तीन. तिथले मुकादम म्हणायचे, "तुमचं गाव तर बागायती हाय म्हणं, इथं काहून मरायला आलात?" आन सगळ्या बाया आत्याकडं बघायच्या. हिरीवर एकीनं तोंडावर विचारलं, "गयाबाई, तुझ्या जिभंला हाड न्हवतं का गं त्या दिशी?" आत्या घागर ओढत राहिली. घरी येऊन म्हणली, "खरं बोलली ती." मला पाचवा महिना लागला तवा माझ्या वाटणीची माती बी तीच उचलायची, मला म्हणायची, "तू झाडाखाली बस, माझ्या नातवाला ऊन नको." मी बसायचे. मी बसले, हे मी आता कसं विसरू...

चैतात तिनं एक दिवस काम बुडवलं. शेवग्याचा पाला आणला, चिंचेचा चिगुर, म्हणजे कोवळा पाला, आणला, मूठभर जवारीच्या कण्या, वाळली मिरची, मीठ. गाव सगळं तेव्हा हेच खात होतं. छोट्या पातेल्यात शिजवलं, फडकं बांधलं आन मला म्हणली, "चल लातूरला. साहेबांना आपली खरी भज्जी चारते." एस्टीत पातेलं मांडीवर, कंडाक्टर म्हणला, "मावशी, सांडलं तर धुवून द्यावं लागंल." ती म्हणली, "सांडायला त्यात पाणी कुठलं बाबा?" ती शेवटची थट्टा तिची. त्याच्यानंतर तिनं कुणाची थट्टा केलेली मला आठवत न्हाई.

कचेरी नवीन, चुन्याचा वास, खुर्च्यांना अजून सुतळ्या बांधलेल्या. शिपाई म्हणला, हितं डबे आणायचे न्हाईत. आम्ही व्हरांड्यात बसलो, सकाळपासून चार वाजेपर्यंत. साहेब बाहेर आले आन त्यांनी वळखलं. तोंड फुललं त्यांचं, "अरे, भज्जीवाल्या आई!" आत्यानं फडकं सोडलं. म्हणली, "साहेब, ती नांदेडच्या बाजारची होती. आमची ही हाय. मी खोटं बोलले, माझी चूक झाली, आमच्या गावात काम द्या." साहेबांनी पातेल्यात बघितलं, मंग आत्याकडं. म्हणले, "आई, सह्या झाल्या, कागद वर गेले. आता पुढच्या साली बघू." आन मंग हळूच, लई मायेनं म्हणले, "तुम्हीच तर सांगितलं होतं ना?" आत्यानं पातेलं पुढंच धरलेलं. त्यांना काय वाटलं कुणास ठाव, त्यांनी बोटावर घेऊन चाखलं, रुमालाला हात पुसला आन म्हणले, "चव मात्र चांगली आहे."

चव चांगली आहे म्हणला, मेला.

येतानी एस्टीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. गाव आलं तवा म्हणली, "कमल, येती येळवस येऊ दे. ते साहेब येतील, आण्णा आणतीलच. चौघांत विचारलं तवा चौघांतच सांगायचं. मी तोवर मरत न्हाई." पाऊस यंदा बी दगा देऊन गेला, मला माहेरी धाडलं, ती कामावर जात राहिली. कार्तिकात एका सकाळी वाटेनं जाता जाता म्हणली, जरा बसते. बाभळीखाली बसली. बाया पुढं गेल्या, वळून बघितलं तर तशीच बसलेली. येळवस पुढं एक महिना राहिली होती. गावात काम असतं तर ती वाट तिनं चाललीच नसती. हे मी लिहून ठेवते. कुणी म्हणंल वय झालं होतं, तर वय झालं न्हवतं. उन्हाळाभर ती दोन बायांची माती उचलत होती, एक पोटासाठी आन एक माझ्यासाठी.

चौदाव्याचं जेवण झालं आन आण्णा दारात आले. मला म्हणले, "सूनबाई, हंडा आता तुझ्याकडं. यंदा त्याच साहेबांना बोलावलंय, वर आणखी मोठे येणार हायत. वहिनीची सर येणार न्हाई, पण बघून शिकली असशील." मी मान हालवली. ह्यांनी दिवे लागायच्या वख्ताला मला म्हणलं, "मुकाट्यानं कर. ट्रॅक्टर जाईल, हीर जाईल. लेकरू हाय पदरात." खरं हाय त्यांचं. मला भ्या वाटतं. मी सातवीतून शाळा सोडलेली, हे अक्षर बी वाकडं. हीर बंद झाली तर लेकराला काय पाजू, अंगात पाणी असलं तर दूध येतं ना. आन यंदाची आणेवारी अजून लिहायची हाय. पुन्हा साहेबांनी बोटं चाटली आन मी हाव म्हणलं, तर पुन्हा सगळ्या बाया तीन कोस जातील आन त्यातली कोण बाभळीखाली बसंल? मी बी असंल.

आण्णा, गावात पेपर तुमच्याकडंच येतो, एस्टीनं. तुम्ही वाचताल. म्हणूनच पेपरला धाडून राहिले. हे वाचून मला भज्जीला बोलावलं न्हाई तरी चालंल, पेपर लातूरला बी जातो, साहेब लोक बी वाचत्यात. बोलावलं तर हंडा घेऊन येईन, तुमच्या घरी एवढा हंडा न्हाई. दोन्हीकडून तुम्ही सापडलात. माझ्या सासूच्या दारात टोपी काढून तिच्या हाताची तारीफ केलीत तुम्ही. त्या हाताला शेवटाला किती घट्टे होते ते बघितलं होतं का? मी बघितलं न्हाई. मी पोचायच्या आधीच तुम्ही उरकलं.

आत्या भाकरी करायला डावा गुडघा वर घेऊन बसायची, चुलीपुढं तिच्या बसण्यानं जमिनीला थोडा खोलगा पडलाय. मी बी आता तिथंच बसते. बसून रोज एक वाक्य म्हणून बघते. पहिल्या दिशी ओठ हालले, आवाज फुटला न्हाई. मंग निसतं कुजबुजले. मंग पिठाच्या परातीला सांगितलं. काल पहिल्यांदा भरल्या आवाजात म्हणलं, "न्हाई साहेब. यातलं काहीच इथलं न्हाई." झोळीत लेकरू दचकलं, हातपाय झाडून रडायला लागलं. मी उठले न्हाई. अजून एकदा म्हणलं, आणखी मोठ्यानं.