निरीक्षणाखालचा कुत्रा

ती दुपार अजूनही मनातून जात नाही. मी तेव्हा खारघर पोलीस ठाण्यात नेमणुकीस होतो. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या निवाऱ्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "आमच्याकडचा एक कुत्रा कुणीतरी पळवलाय."

ठाणे अंमलदार हसला. "साहेब, आता कुत्र्याचीपण मिसिंगची तक्रार घ्यायची?"

पुढचं ऐकून त्याचं हसू मावळलं. या कुत्र्याने एका शाळकरी मुलीला चावा घेतला होता. असा कुत्रा दहा दिवस वेगळ्या पिंजऱ्यात ठेवून पाहतात. सकाळपासून त्याची लाळ गळत होती, जबडा लोंबत होता. पिसाळल्याचीच लक्षणं. मुलीला इंजेक्शनं सुरू झाली होती. कुत्रा मात्र वस्तीत कुठेतरी होता.

स्टेशन डायरीला नोंद करून माणसं रिक्षा स्टँडवर पाठवली. एका रिक्षावाल्याने खबर दिली, "एक काकू चादरीत कुत्रा गुंडाळून उतरल्या. आजारी हाय बोलल्या."

त्याने दाखवलेल्या सोसायटीत मुलं लपाछपी खेळत होती. वॉचमनला सांगून आधी सगळी मुलं घरी पाठवली.

काकू म्हणजे एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. भागातल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालायच्या. वयस्कर बाई, म्हणून ठाण्यात न बोलावता महिला शिपायाला घेऊन मीच गेलो होतो. त्या गेटवरच भेटल्या.

"कुठला कुत्रा? चोर सापडत नाहीत म्हणून आता कुत्र्यांच्या मागे लागलात?"

आवाज ठाम, नजर स्थिर. मला ते जवळजवळ पटलं. तेवढ्यात गेटवरचे कुत्रे शेपट्या हलवत त्यांच्याकडे धावले. काकूंनी झटकन उजवा हात पदराखाली घेतला.

"आज लाड नाय काय, काकू?" वॉचमनने सहज विचारलं.

मी म्हणालो, "काकू, हात दाखवा."

तळहातावर दातांच्या खुणा होत्या, वर हळद दाबलेली.

"पिल्लू होता तेव्हापासून माझ्या हातचं खातो तो," त्या रडू लागल्या. "तिथे मारून टाकतील त्याला."

महिला शिपायाने त्यांना धरलं. "काकू, हा आजार एकदा सुरू झाला की औषध नाय. तुमीच मराल."

"पंपाच्या खोलीत आहे," त्या पुटपुटल्या. "कडी लागत नाही. दाराला वीट लावलीय."

आम्ही पोचलो तेव्हा वीट बाजूला सरकलेली होती. दार अर्धवट उघडं. आत, मोटारीमागे, घशात अडकल्यासारखा घरघर आवाज. संस्थेची माणसं जाळी घेऊन येईपर्यंत मी ते दार दोन्ही हातांनी ओढून धरलं होतं.

नंतर घरोघर जाऊन विचारलं. लपायला गेलेल्या एका मुलीने दार उघडलं होतं. आवाज ऐकून ती पळाली. तिला ओरखडाही नव्हता. तिच्या आईला रडू आवरेना.

कुत्रा दुसऱ्या दिवशी मेला. तपासणीत रेबीजच निघाला. काकूंना आदल्या संध्याकाळीच इंजेक्शनं सुरू केली होती, म्हणून त्या वाचल्या.

गुन्हेगार स्वतःला वाचवायला खोटं बोलतो. त्याची भीती चेहऱ्यावर दिसते. मायेपोटी खोटं बोलणाऱ्याला आपण बरोबरच वागतोय असं वाटत असतं, म्हणून त्याची नजर ढळत नाही. त्यानंतर स्थिर नजरेवर मी कधी विसंबलो नाही. समोरचा माणूस कुणाला वाचवतोय, हे आधी विचारू लागलो.