तुपाचं चाक

सायकलच्या दुकानातून ग्रीसचा वास आला की अजून माझी पावलं भरभर पडायला लागतात.

दुर्गाघाटाच्या गल्लीत बाबांनी माझी सायकल उलटी ठेवली होती. बी.ए.च्या परीक्षेचा दिवस, आणि पुढचं चाक घरघर करत अडकत होतं. बाबा पौरोहित्य करायचे. ग्रीसमध्ये चरबी असते म्हणून ते चाकातल्या छऱ्यांना घरचं तूप लावत. तुपाला मुंग्या लागत, ते टिकत नसे, आणि छरे पार झिजले होते. नवे आणले, पण दुकानदाराने सोबत दिलेली ग्रीसची पुडी बाबांनी ओट्याच्या कोपऱ्यात सारली.

उन्हाळ्याने तूप पातळ झालेलं. छरे बसवले की घरंगळायचे, थेट गटाराकडे. मी उंबऱ्यात उठबस करत होते.

"बाबा, गेट बंद करतील हो!"

"होतंय गं, जरा सबर कर."

पुन्हा एक छरा निसटला. मी रडकुंडीला आले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पुडीकडे. नुकतीच गंगेवर आंघोळ करून आलेले ते. तरी त्यांनी सरळ ग्रीसमध्ये बोट घातलं. छरे गपचूप जागेवर बसले.

तेव्हा मला फक्त घड्याळ दिसत होतं. मागे न बघता मी सायकल दामटली.

संध्याकाळी परतले तर बाबा पुन्हा आंघोळ करून पूजेला बसलेले. त्यांनी प्रसाद पुढे केला. नखांतलं काळं अजून निघालं नव्हतं.

"पेपर कसा गेला?" एवढंच त्यांनी विचारलं.