भागलं की रोध

साकीनाक्याला शेगड्या दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता. शेगडीला हात लावण्याआधी तो गिऱ्हाइकाला शिकवत असे. काउंटरवर खडूने लिहायचा: दोनशे तीस व्होल्ट, पाच अँपिअर. "भागलं की रोध, सेहेचाळीस ओहम. गुणलं की शक्ती, साडेअकराशे वॉट." मग बोटं शर्टाला पुसून, हे आपणच शोधून काढल्यासारखा बघायचा.

वडील गेले त्या पंधरवड्यात मी घरची विजेची शेगडी त्याच्याकडे नेली. आई काही खात नव्हती; निदान गरम पेज तरी पोटात जावी, एवढंच मला हवं होतं. माझ्या केस काढलेल्या डोक्याकडे पाहून तो म्हणाला, "वडील का? वडील म्हणजे घरातलं व्होल्टेज. आई म्हणजे रोध. हिशेब सोपा आहे, साहेब."

कॉइल तुटली होती. त्याने जळका भाग सढळ हाताने कापला आणि उरलेली तार ताणून बसवली. "तार कमी, म्हणजे आता वीजही कमी खाईल."

तार कमी झाली की रोध घटतो आणि वीज जास्त ओढली जाते, हे त्याच्याच खडूने त्याला कधी सांगितलं नव्हतं. घरी बटण दाबलं तशी कॉइल लालभडक झाली, फ्यूज उडाला आणि पंखा थांबला.

भिंतीला टेकून बसलेली आई म्हणाली, "तुझे बाबा दुरुस्त करायचे ना, तेव्हापण अस्संच व्हायचं रे." आणि हसली.

मग उठून तिने स्टोव्ह पेटवला, पेज ठेवली. दोघांपुरती.