अप्पांच्या नावचा परवाना

घाटनांदूरला आमच्या अप्पांचं किराणा दुकान होतं. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म. तोंडाला दारूचा वास असलेल्या गिऱ्हाइकाला ते उभंही करत नसत. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली, तेव्हा शाळेत रजा टाकून मी माहेरी आले.

थोरला दादा पीत होता. वहिनीनं दारूच्या दुकानदाराला हात जोडून सांगितलं होतं, यांना देऊ नका. त्यानंही काही महिने ऐकलं. मग दारू घरपोच द्यायला सरकारची परवानगी मिळाली. दुकानदारानं ते काम एका पार्सलवाल्याला देऊन टाकलं. दादाच्या नावावर माल द्यायचा नाही, एवढंच त्यानं पाळलं.

एका दुपारी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर हेल्मेट घातलेला एक माणूस अप्पांच्या खाटेवर टेकलेला. त्यानं अप्पांचा डावा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला होता. अप्पा हात ओढून घेत होते. घशातून नुसता घरघर आवाज.

"काय चाललंय हे?"

"ताई, दारू प्यायचा परवाना अप्पांच्या नावावर हाय. ज्याचा परवाना त्याच्याच हातात माल, असा नियम हाय. सही जमत न्हाई, म्हणून अंगठा."

दादा दारात मोबाईल बघत उभा. "कावून ओरडायलीस? अप्पांना थोडीच पाजायलोत?"

तो माणूस गेल्यावर मी बादलीत पाणी आणलं. साबणानं अप्पांचा अंगठा चोळला, पण रेघांमधली शाई निघेना. अप्पा डोळे मिटून पडले होते. मी बादली ठेवून आले, तर ते स्वतःच चादरीवर अंगठा घासत होते. कातडं लाल झालं तरी थांबेनात.

दुसऱ्या दिवशी एसटीनं बीड गाठलं. उत्पादन शुल्काच्या कचेरीतल्या बाबूनं सुपारी चघळत कागद पाहिला. "परवाना हाय, वय बसतंय, अंगठा हाय. नियमाप्रमाणंच झालंय की, मॅडम."

"माणूस अंथरुणात आहे. त्याला बोलता येत नाही."

"तसा रकाना अर्जात न्हाई."

दुकानदाराकडे गेले, तर तो म्हणाला, पोचवणारा आमचा माणूस न्हाई. पोचवणारा म्हणाला, मी फक्त अंगठा घेतो. तीन हेलपाटे आणि डॉक्टरांचा दाखला झाल्यावर परवाना रद्द झाला.

त्याच आठवड्यात तोच माणूस पुन्हा दारात. या खेपेला परवाना वहिनीच्या नावावर होता. कणकेचा हात पदराला पुसून तिनं सही केली, बाटली आत नेऊन ठेवली.

"वहिनी, तुम्हीच हात जोडले होते ना त्याला?"

तिनं वर पाहिलं नाही. "वन्सं, तुमी जाताल शाळेला. मला इथंच नांदायचंय."

तिची कीव यायला हवी होती. मला तिचीही किळस आली, आणि ती मी लपवली नाही. दोन दिवसांनी गाडी ठरवली आणि अप्पांना माझ्या घरी घेऊन आले. निघताना त्यांना उचलायला दादानं हात पुढे केला, तर अप्पांनी डाव्या हातानं तो झटकून टाकला.