अणुखात्याची टिकटिकी

रानात तंबू ठोकून राहिलं की धोतरात कुसळं आणि डोक्यात किस्से सारखेच अडकतात. कुसळं निदान उपटता येतात!

पन्नासच्या दशकात मी अणुखात्याच्या सर्व्हे पार्टीत मदतनीस होतो. चांदा जिल्ह्यात, अहेरीच्या पुढे भामरागडच्या वाटेवर, आम्ही युरेनियमचा दगड शोधत हिंडायचो. साहेब होते सबनीस, मुंबईचे, नुकतेच शिकून आलेले. स्वयंपाकाला तुकारामभाऊ, ब्रह्मपुरीकडचा. आणि एक गायगर मशीन. हवा तो दगड जवळ आला की तिची टिकटिक वाढायची, म्हणून तुकारामनं तिचं नाव ठेवलं टिकटिकी.

*

माडिया आदिवासींच्या एका गावाजवळ मुक्काम पडला. गावचा म्हातारा लालसू लाकडाच्या कामावर जाऊन मोडकंतोडकं मराठी शिकला होता. साहेबांनी त्याला समजावलं, "दादा, हा दगड सापडला की त्यातून वीज निघेल. देशातल्या प्रत्येक गावात दिवे लागतील. तेल नको, वात नको!"

लालसूनं सगळं नीट ऐकलं. मग तंबूत डोकावून म्हणाला, "मंग तुमी काऊन कंदील लावून राह्यले?"

साहेब त्या संध्याकाळी कंदिलाकडे पाठ करून जेवले.

*

या दगडाची धूळ पोटात जाऊ देऊ नका, असं साहेब एकदा बोलून गेले. झालं! तेव्हापासून प्रत्येक पातेल्यावर टिकटिकी धरल्याशिवाय तुकाराम कुणाला वाढेना. "साहेब, वरण बोलून नाई राह्यलं. वाढू का जी?"

साहेब वैतागले. "अरे, तांदूळ तुझ्या ब्रह्मपुरीचा, डाळ ब्रह्मपुरीची. त्यात युरेनियम कुठून येणार?"

"म्हनूनच भरोसा नाई जी. मी तिथलाच आहो!"

*

मध्यंतरी साहेब साखरपुड्यासाठी सुट्टीवर गेले आणि एका रात्री उशिरा खुशीत परतले. दुसऱ्याच सकाळी गावाच्या कडेला टिकटिकी वेड लागल्यासारखी वाजायला लागली. साहेब जिथे वाकून दगडाला हात लावत, तिथे टिकटिक! आम्ही लाल झेंड्या रोवत सुटलो. साहेबांना दिल्लीपर्यंत दिवे लागलेले दिसत होते. मलाही दिसत होते, खोटं कशाला बोलू?

पण झेंड्यांच्या मधोमध उभे दगड होते. इकडे माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात.

लालसूनं विचारलं, "इथी खनाल?"

"खणावं लागेल, दादा. गाव थोडं सरकवू. नवी घरं बांधून देऊ."

"घर सरकते. बाप कसा सरकन?"

एवढं बोलून तो बापाच्या दगडाला टेकून बसला, तो उठेचना. त्याची बायको दोनदा बोलवायला आली, तिलाही त्यानं परत पाठवलं. मला फार वाईट वाटलं. झेंड्या रोवणाऱ्यांत मीही होतो.

*

दुपारी आम्ही जेवायला बसलो. तुकारामनं टिकटिकी धरली, साहेबांनी ताट पुढे केलं आणि मशीन कडाडली.

"वरण बोललं जी!" तुकारामनं अख्खं पातेलं झाडाखाली ओतलं. मग भात बोलला. तोही गेला. शेवटी लोणचंसुद्धा बोललं!

साहेब भयंकर चिडले. उपाशीच हात धुवायला उठले, मनगटावरचं घड्याळ काढून तुकारामच्या हातात दिलं, आणि टिकटिकी तुकारामवरच ओरडायला लागली.

"मी काई नाई केलं जी!" तो रडकुंडीला आला.

घड्याळ कोरं करकरीत होतं, साखरपुड्यात सासऱ्यांनी दिलेलं. अंधारात चमकणारे आकडे, रेडियमचे! रेडियमवरही टिकटिकी तशीच बोलायची. साहेबांनी घड्याळ तंबूत ठेवून सगळी जागा पुन्हा तपासली. टिकटिकी ढिम्म.

*

झेंड्या साहेबांनी स्वतः उपटल्या. लालसूसमोर जाऊन हात जोडले. "चूक झाली, दादा. माझ्या घड्याळानं फसवलं. इथं काही नाही. कुणी खणणार नाही."

लालसू उठला. पण त्यांच्यात रीत असते. ज्यानं पूर्वजाला त्रास दिला, त्यानं मान द्यायचा. साहेब लगेच म्हणाले, "कोंबडा देतो."

"कोंबड्यानं तरास नाई देल्ला," लालसू म्हणाला. "घड्याळीनं देल्ला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. मग ते तंबूत गेले आणि घड्याळ घेऊन आले.

पुढच्या वर्षी पावसाळा सरून वाटा मोकळ्या झाल्यावर मी त्या गावावरून चाललो होतो. दिवस बुडाला होता. चुलींचा जाळ सोडला तर गावात उजेड नव्हता. लालसूनं मला ओळखलं आणि हाताला धरून दगडाजवळ नेलं. वेलीच्या दोरीनं घड्याळ तिथे घट्ट बांधलं होतं. ते केव्हाच बंद पडलं होतं, पण आकडे हिरवेगार चमकत होते.

"बापाले उजेड आला," लालसू म्हणाला. "आमाले कधी येते?"