विभावरी काकूंची कुलूपबंद खोली

आमच्या अल हिलाल वस्तीत अशी बातमी आहे, की आमच्या वरच्या मजल्यावरच्या विभावरी काकूंच्या नाशकात तीन बिल्डिंगा आहेत, प्रत्येक फ्लॅटमध्ये छुपा कॅमेरा आहे, आणि काकू इथे दोह्यात सोफ्यावर बसून भाडेकरूंनी किती पोळ्या लाटल्या ते मोजतात. ही बातमी बरीचशी मीच पसरवली. मला लोकांचे आवाज काढता येतात, आणि आवाज जमला की माहिती खरी आहे का, हे कुणी विचारत नाही. मंडळाच्या जेवणात चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, फोन हातभर लांब धरून मी सुरू करते, "ममता, गॅसच्या मागची टाइल दाखव. मागची गं. अजून मागची." लोक ताटं खाली ठेवून हसतात.

आता दुरुस्ती. काकूंचा नाशकात एकच फ्लॅट आहे. इंदिरानगरला, पहिल्या मजल्यावर, दोन बेडरूमचा. कॅमेरा नाही. आहे ती एक निळी वही आणि फोन. टाइलचं वाक्य त्या खरंच बोलल्या होत्या, पण ती टाइल फुटली होती म्हणून, आणि दोन दिवसांत त्यांनी ती बदलूनही दिली. तेवढा भाग मी गाळते, कारण त्याला कुणी हसत नाही.

दोह्यात ज्याचं म्हणून पुण्या-नाशकात घर आहे, तो कधी ना कधी काकूंकडे चहाला येतो आणि सहज आल्यासारखं दाखवून सल्ला विचारतो. काकू पोहे परतत बोलतात. "करार नोंदवलेलाच हवा. ओळखीचा असला तरी, आणि ओळखीचा असला तर नक्कीच. पोलीस व्हेरिफिकेशन करून घे. किल्ली द्यायच्या आधी फोटो काढ, कपाटांच्या आतले, संडासाच्या फ्लशचेसुद्धा. प्लंबरचा नंबर भाडेकरूकडे असू दे, म्हणजे दर वेळी तुझी परवानगी मागत बसायला नको. भाडेकरूचा फोन आधी उचलायचा, चिडायचं ते नंतर. आणि न कळवता दारात जाऊन उभं राहायचं नाही. घर आपलं असलं तरी संसार त्यांचा आहे."

हे सगळं माझं पाठ आहे. परीक्षेत इतिहासाऐवजी हे आलं असतं तर आईला माझ्याबद्दल चार बऱ्या गोष्टी सांगता आल्या असत्या.

पण काकूंच्या फ्लॅटमध्येही ती एक खोली होती, जी इथल्या निम्म्या मराठी घरमालकांच्या फ्लॅटमध्ये असते. मागची बेडरूम, बाथरूमसकट, कुलूपबंद. आत 'आमचं सामान'. भाडेकरूनं उरलेल्या घरात राहायचं. किल्ली सहा वर्षं दोह्यात, काकूंच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर.

गेल्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी सकाळी मी वर गेले होते, म्हणजे पोहे खायला. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी देवव्रतराव यांचा व्हिडिओ कॉल आला. ते काकूंच्या बरोब्बर खाली राहतात. त्यांच्या हॉलच्या छतावर कढईएवढा ओला डाग पडला होता आणि खाली टीपॉयवर टोप ठेवला होता.

"वहिनी, तुमच्या भाडेकरूबाईंचं वॉशिंग मशीन. रोज धुतात. किती वेळा सांगितलं! या महिन्यात करार संपतोय ना? वाढवू नका. आम्हाला फॅमिली बघून द्या."

"ममता आणि तिचे वडील ही फॅमिलीच आहे, देवव्रतराव."

"तसं नाही हो वहिनी, फॅमिली म्हणजे... फॅमिली."

ममता शाळेत शिकवते. तिच्या वडिलांना, आप्पांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं आणि ते सेंटर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. आप्पा काठी टेकत चालत जातात, येताना अर्ध्या वाटेत बाकावर बसतात. करार वाढला नसता तर पुन्हा असं घर, तेही एका जिन्यावर, मिळणार होतं कुठून? ममताला कॉलमध्ये घेतलं तेव्हा हे सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती म्हणाली मात्र एवढंच, "काकू, मी मशीन चार दिवस लावलेलंच नाही."

"दाखव," काकू म्हणाल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी मनात टिपून घेतलं.

ममतानं सगळं दाखवलं. मशीनची नळी कोरडी. किचन कोरडं. तिची बाथरूम इतकी चकाचक, की आईला दाखवू नये.

"आवरून ठेवलं असेल," देवव्रतराव म्हणाले.

काकूंनी फोनचा आवाज वाढवला. मग म्हणाल्या, "ममता, पॅसेजच्या भिंतीला फोन टेकव. आणि देवव्रतराव, तुम्ही जरा श्वास धरा."

टक्. टक्. ट... टक्.

"घड्याळ आहे," मी ताबडतोब म्हणाले. पॅसेजमध्ये खरंच घड्याळ होतं, आणि आवाज हा माझा विषय. "काकू, हंड्रेड परसेंट."

"घड्याळ अडखळत नाही," काकू म्हणाल्या. "हा माझ्या खोलीतला नळ आहे."

"तिथे सहा वर्षं कुणी गेलेलंच नाही!"

"म्हणून तर."

"लावता बेट?" मी म्हणाले. घरमालकीणच स्वतःविरुद्ध पैज लावतेय हे देवव्रतरावांना नीट कळेना. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

ठरलं असं: घड्याळ निघालं तर मी काकूंची नक्कल काकूंसमोरच करायची आणि त्यांनी टाळ्या वाजवायच्या. नळ निघाला तर डिसेंबरच्या सुट्टीत आई आणि मी नाशिकला जाणार होतोच, तेव्हा ती खोली मी एकटीनं रिकामी करायची. मी लगेच हो म्हटलं. हरणार नाही याची खात्री असली की माझं मन फार मोठं होतं.

पण बघायचं तर कुलूप उघडायला हवं. काकूंचे यजमान, गजेंद्र काका, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, डिसेंबरमध्ये मी जातोय ना, किल्ली घेऊन जातो. लग्नातला डिनर सेट आहे आत. कोणीही काय शिरतंय!"

"आणि तोवर ममताला काय सांगू? डिनर सेटसाठी सामान बांध म्हणून?" काकूंनी खिळ्यावरच्या किल्लीकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाल्या, "ममता, चौकातल्या कुलूपवाल्याला बोलाव. तोडू दे."

वीस मिनिटं नुसती करवत ऐकली. काका वरणाच्या डाळीत उगाच डाव फिरवत उभे राहिले. दार उघडलं. ममतानं फोन आत धरला आणि आम्हा सगळ्यांना बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी दिसलं. नळ गळत होता. आणि ते पाणी वाहून का गेलं नव्हतं, तर मोरीच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरून वर एक वीट ठेवलेली होती.

"ही वीट कुणी ठेवली?" देवव्रतराव विजयी सुरात.

काकूंनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला. "मी ठेवली. झुरळं येऊ नयेत म्हणून. डिनर सेटमध्ये."

काकांनी डाव खाली ठेवला. मला हसू आलं होतं, पण काकूंनी पुढे जे केलं त्यामुळे ते अर्ध्यावरच राहिलं. "देवव्रतराव, छत मी करून देते, पुढच्या आठवड्यात माणूस येईल. ममता, तुझ्यावर आळ आला, चूक माझी. करार वाढवतेय. नवीन करारात दोन्ही बेडरूम लिहायच्या. खलास." मग वही उघडली आणि बोलत बोलत लिहिलं: "द्यायचं तर सगळं घर द्यायचं. भाडेकरूच्या घरात आपलं गोदाम ठेवायचं नाही." कुणी विचारलं तर आता त्या हे सगळ्यात आधी सांगतात, विटेसकट. स्वतःच्या फजितीचा किस्सा त्या माझ्यापेक्षा बऱ्या रंगवतात, हे मला जरा लागतं.

डिसेंबरात तीन दिवस मी त्या खोलीत होते. तांब्याचा बंब. बेचाळीस स्टीलचे डबे, झाकणं वेगळ्या पोत्यात. दुमडता येणारा पाळणा. मिक्सरचा, इस्त्रीचा आणि कुठल्याशा टेप रेकॉर्डरचा रिकामा खोका, आतला थर्माकोल जपून ठेवलेला. डिनर सेटच्या चार बशा फुटलेल्या होत्या, त्या करवतीनं नव्हे, सहा वर्षांपूर्वीच. दोह्याहून काकू व्हिडिओवर. "रिकामे खोके आहेत गं, एका हातात दोन येतील." मी त्यांचा आवाज काढायला तोंड उघडलं तर सगळी धूळ घशात गेली. आप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "बाई गं, पाणी पी आधी."

तिसऱ्या संध्याकाळी आप्पांचा पलंग आम्ही त्या खोलीत, खिडकीशी लावला. मी हरले, मान्य आहे. पण वाजत ते अगदी घड्याळासारखंच होतं.